ग्वाम बेटावरचे एकोणीस मेयर

सागरगोटा (धागाकर्ती)

अमेरिकेच्या निवडणुकीवरच्या धाग्यात मी सहज लिहून गेले होते की ग्वामच्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या, लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही, पण त्याच दिवशी ते आपापल्या गावचा मेयर निवडतात. त्यावर तिघांनी विचारलं, एवढ्याशा बेटाला मेयर कशाला आणि तेही एकोणीस? उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

आम्ही ग्वामला सहा वर्षं राहिलो. नवरा बांधकाम कंपनीत होता, मी घर आणि मुलगी सांभाळून शिकवण्या घ्यायचे. बेट केवढं? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४८ किलोमीटर, क्षेत्रफळ ५४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याहून थोडं कमी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,५३,८३६. एवढ्यात एकोणीस गावं आणि प्रत्येक गावाला एक मेयर. मोठ्या गावांना उपमेयरही असतो. 'महापौर' हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. तो वाचला की आपल्याला मोठ्या शहराचा मानकरी दिसतो. ग्वामचा मेयर सकाळी गमबूट घालून रस्त्याकडेचं गवत कापणाऱ्या पोरांसोबत उभा दिसतो.

माझी मेयरच्या कार्यालयाशी पहिली गाठ पडली ती मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी. शाळेने सांगितलं, 'मेयर्स व्हेरिफिकेशन' आणा. म्हणजे ही मुलगी या गावात राहते असा मेयरच्या कार्यालयाचा दाखला. तिथे पुष्कळ लोक टपालासाठी पोस्टातली पेटी वापरतात. त्यामुळे टपालाच्या पत्त्यावरून माणूस राहतो कुठे ते कळतच नाही, आणि गावाने ओळख द्यावी लागते. मी भाडेकरार घेऊन गेले. टेबलामागच्या बाईंनी घर कोणत्या वळणावर आहे, शेजारी कोण राहतं, घरासमोर फणसासारखं झाड आहे ते का, असं विचारलं. (ते झाड नीरफणसाचं होतं. तिथे त्याला 'लेमाइ' म्हणतात.) मग शिक्का मारला. तलाठी आणि ग्रामसेवक या दोघांकडे जाऊन आलेल्या माणसाला त्या शिक्क्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मेयर काय करतो याची यादी मोठी आहे. गल्लीबोळातले रस्ते साफ ठेवणं, बेवारस मोटारी उचलणं, जुने फ्रिज-गाद्या असला अवजड कचरा नेणं, भटक्या कुत्र्यांच्या तक्रारी, ज्येष्ठांचं केंद्र, गावचं मैदान, वादळापूर्वी वाळूच्या गोण्या, वादळानंतर पाणी. आणि गावची जत्रा. ग्वाम कॅथलिक आहे, प्रत्येक गावाचा एक संत आणि त्याची 'फिएस्ता'. देदेदोची सांता बार्बारा, मालेसोचा सान दिमास, उमाताकचा सान दियोनिसियो. गावात कोणी गेलं की रात्री रोझरीची प्रार्थना चालते, त्यासाठी मांडव, टेबलं, खुर्च्या लागतात. त्या बहुतेक वेळा मेयरच्या कार्यालयातून येतात.

काय करू शकत नाही तेही सांगते. तो कर लावू शकत नाही. गावापुरता कायदा करू शकत नाही. पैसा बेटाच्या विधिमंडळाच्या अर्थसंकल्पातून येतो, सगळ्या मेयरांची मिळून एक 'मेयर्स कौन्सिल' आहे, तिच्यामार्फत. पाणी, वीज, मुख्य रस्ते यांची खाती वेगळी. पण नळ कोरडा पडला की लोक पाणीखात्याला नाही, मेयरला फोन करतात.

निवडणूक दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी. पक्षाच्या चिन्हावर, म्हणजे रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट. आधी ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत फेरी होते. २०२४ मध्ये ती ३ ऑगस्टला झाली आणि मुख्य मतदान ५ नोव्हेंबरला. राष्ट्राध्यक्षपदाचंही एक मत ग्वामचे लोक त्या दिवशी देतात. १९८० पासून ही प्रथा आहे. ते मत राष्ट्राध्यक्षाच्या निकालात धरलं जात नाही, निव्वळ कौल म्हणून जाहीर होतं. एकाच मतदान केंद्रात माणूस एका कागदावर जगातल्या सर्वांत बलाढ्य पदासाठी खूण करतो, ती वाऱ्यावर जाते. दुसऱ्या कागदावर गावच्या मेयरसाठी करतो, आणि उमाताकसारख्या हजाराच्या आतल्या गावात ती एक खूण निकाल फिरवू शकते. हे मी जवळून पाहिलं आणि ते माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न विचारा. माहीत असेल तेवढं सांगते.

---

पाणंद

छान लिहिलंय ताई. मेयर आले कुठून पण? अमेरिकेने बसवले की आधीपासून होते?

---

सागरगोटा

पाणंद, मुळं बरीच जुनी आहेत. मॅगेलन १५२१ मध्ये इथे आला, स्पॅनिश वसाहत १६६८ पासून. स्पॅनिशांनी गावागावात 'गोबेर्नादोर्सिलो' नेमले, म्हणजे शब्दशः छोटा गव्हर्नर. वाडीवस्तीवर 'काबेसा'. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात बेट अमेरिकेकडे गेलं आणि कारभार नौदलाच्या हाती आला. नौदलाच्या गव्हर्नरने प्रत्येक गावावर 'कमिशनर' नेमला. वरचा हुकूम खाली सांगायचा आणि खालची खबर वर न्यायची, हे त्याचं काम. आपल्याकडचा पाटील आठवा, बरंचसं तसंच. १९१७ मध्ये 'ग्वाम काँग्रेस' नावाची सल्लागार सभा सुरू झाली, तिच्यातही गावचे कमिशनर बसत. सल्ला द्यायचा, निर्णय नौदलाचा.

डिसेंबर १९४१ ला जपानने बेट घेतलं, जुलै-ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकेने परत घेतलं. पुन्हा नौदल. १ ऑगस्ट १९५० ला ऑरगॅनिक ॲक्टवर, म्हणजे ग्वामच्या कारभाराच्या मूळ कायद्यावर, सही झाली, तेव्हा लोक अमेरिकेचे नागरिक झाले. स्वतःचा गव्हर्नर मतदानाने निवडायला १९७० उजाडलं. गावचा कमिशनरही नेमलेला होता तो पुढे निवडून येऊ लागला, आणि नंतर त्याचं नाव कायद्याने 'मेयर' झालं. पद तेच, पण आधी तो सरकारचा माणूस होता, आता गावचा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

---

तांबडी_माती

माहितीबद्दल आभार, पण मला एक गोष्ट खटकते. कर नाही, कायदा नाही, पैसा वरून. मग हे पद नावाचंच नाही का? आपल्याकडे मुंबईच्या महापौराचं तेच आहे. मान मोठा, अधिकार आयुक्ताच्या हाती, १८८८ च्या कायद्यापासून. लोकांना वाटतं आपण कारभारी निवडतोय आणि हाती काही येत नाही. अशा निवडणुकीतून लोकांची फसवणूक होते असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः नगरपालिकेत बावीस वर्षं नोकरी केली आहे, हे वरवर लिहीत नाही.

---

सागरगोटा

तांबडी_माती, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी थोडं वेगळं मांडते. मुंबईचा महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. ग्वामचा मेयर थेट लोकांकडून चार वर्षांसाठी येतो. त्यामुळे त्याच्या हाती अधिकार कमी असले तरी तोंड मोठं असतं. गव्हर्नरच्या माणसासमोर तो म्हणू शकतो, मला गावाने पाठवलंय.

२४ मे २०२३ ला मावार वादळ आलं. आमचं घर काँक्रीटचं. १९६२ च्या कॅरन वादळानंतर तिथे पक्की, सपाट छपराची घरं वाढत गेली. रात्रभर वाऱ्याचा आवाज असा होता की खिडकीच्या लोखंडी झडपा आत येतील असं वाटत होतं. सकाळी बाहेर पाहिलं तर एकाही झाडाला पान नव्हतं. हिरवं बेट एका रात्रीत करडं झालं होतं. वीज गेली ती आमच्याकडे साडेतीन आठवडे आली नाही. पाणी नाही. आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली ती मेयरच्या कार्यालयाची गाडी, करवती घेऊन. त्यांच्यातल्या एकाने माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजींना नावाने हाक मारली आणि विचारलं, इन्सुलिन कशात ठेवलंय. त्या बर्फावर ठेवत होत्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बर्फ घेऊन आला.

हे अधिकाराचं काम नव्हतं, ओळखीचं होतं. ती ओळख गव्हर्नरच्या कार्यालयातून येऊ शकली नसती.

---

रानजाई

शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. आमच्याकडे २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोलीत हेच झालं होतं. पहिले आले ते गावातलेच लोक कोयते घेऊन.

---

गोट्या_न्यूजर्सी

सगळ्याच बेटांवर असं नाही. माझे शेजारी पोर्तो रिकोचे आहेत, मी स्वतः चार वेळा जाऊन आलोय. तोही अमेरिकेचाच प्रदेश, १८९८ मध्येच ग्वामसोबत आलेला. तिथे ७८ नगरपालिका आणि ७८ मेयर, स्पॅनिशमध्ये 'आल्काल्दे'. पण अधिकार बघा. त्यांना मालमत्ता कराचा वाटा मिळतो, धंद्यावर स्वतःचा कर आहे, विक्रीकरातला एक टक्का गावाकडे येतो. १९९१ मध्ये स्वायत्त नगरपालिकांचा कायदा झाला, २०२० मध्ये सगळं एकत्र करून नवी नगरपालिका संहिता आली. प्रत्येक गावाला स्वतःची विधिसभा आहे. तिथला मेयर खरा सत्ताधारी असतो. म्हणूनच तिथे मेयरच्या निवडणुकीत पैसा ओततात, आणि अलीकडच्या वर्षांत लाच घेतल्याच्या गुन्ह्यात केंद्रीय यंत्रणेने एकामागून एक मेयर पकडलेही.

तरी चांगली माणसंही याच पदाने दिली. राजधानी सान हुआनची फेलिसा रिंकोन दे गौतिएर १९४६ ते १९६८ अशी बावीस वर्षं मेयर होती. लोक 'दोन्या फेला' म्हणत. आठवड्यातून एक दिवस नगरभवनाचं दार सर्वांसाठी उघडं, कोणीही यावं आणि गाऱ्हाणं सांगावं. तिने गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या काढल्या. आणि बर्फ कधी न पाहिलेल्या त्या उष्ण बेटावरच्या मुलांना खेळायला मिळावं म्हणून विमानातून बर्फ आणवला. माझ्या शेजारच्या आजी तेव्हा तिथे होत्या. आज नव्वदीला टेकल्यात, हात पुढे करून दाखवतात, 'इथे ठेवला होता, आणि वितळला.'

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा डोंगरातल्या गावांचे रस्ते, फोन सगळं तुटलं. राजधानीची मदत यायच्या आधी तिथल्या मेयरांनी गावातले जेसीबी आणि माणसं घेऊन रस्ते मोकळे केले. त्यांच्याकडे स्वतःची यंत्रं आणि तिजोरी होती म्हणून ते जमलं. सागरगोटाताईंच्या मेयरकडे करवत होती. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

---

तांबडी_माती

गोट्या, हेच मला म्हणायचं होतं. तिजोरी नसलेल्या माणसाकडून लोक सगळं मागतात आणि नाही मिळालं की त्यालाच दोष देतात. सागरगोटा, नळाचं तुम्हीच लिहिलंत. जो माणूस पाणी सोडू शकत नाही तो चार वर्षं पाण्यासाठी शिव्या खातो. ही व्यवस्था त्या माणसावरच अन्याय करते.

---

सागरगोटा

हे मान्य. गोट्या, तुमच्या प्रतिसादाने माझंच चित्र पुरं झालं. त्या आजींना नमस्कार सांगा.

ग्वामच्या मेयरांचंही गाऱ्हाणं हेच आहे. विधिमंडळात १५ सिनेटर, ते सगळ्या बेटातून एकत्र निवडून येतात, गावागावाचे नाहीत. त्यामुळे गावाचं म्हणून बोलणारा निवडून आलेला माणूस मेयरशिवाय दुसरा कोणीच नाही. आणि त्याला अर्थसंकल्पाच्या वेळी त्या पंधरांसमोर हात पसरावे लागतात. मैदानाचं, सभागृहाचं भाडं, जत्रेतलं उत्पन्न असा थोडा पैसा गावात जमतो, त्याची तपासणी बेटाचा लेखापरीक्षक करतो. तोसुद्धा तिथे मतदानाने निवडतात! मला ते फार आवडलं. हिशेब तपासणारा माणूसही लोकांचाच.

---

नारळीपोफळी

मी गुहागरचा, नारळाची बाग आहे. धागा वाचताना एक प्रश्न पडला. ग्वामला नारळावर गेंड्या भुंगा आहे असं कुठंतरी वाचलं होतं. खरं काय? त्यात मेयर काही करतो?

---

सागरगोटा

नारळीपोफळी काका, खरं आहे. २००७ मध्ये तुमोन भागात पहिल्यांदा सापडला. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथे नवा आला आणि झपाट्याने पसरला. शेंड्याच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसतात, तुम्ही ओळखालच. तो कुजक्या नारळाच्या खोडात आणि पालापाचोळ्यात अंडी घालतो. म्हणून वादळानंतर पडलेल्या झाडांचा ढीग फार दिवस ठेवता येत नाही. हा हिरवा कचरा कुठे गोळा करायचा, किती दिवसांत हलवायचा, हे गावात मेयरच्या माथ्यावर येतं. मावारनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी घराएवढा ढीग होता.

---

नारळीपोफळी

आम्ही शेणखताच्या खड्ड्यात हिरवी बुरशी सोडतो त्यासाठी, आणि शेंड्यात हुक घालून भुंगा ओढून काढायचा. एवढ्या लांब तेच दुखणं आहे हे वाचून वाईट वाटलं. नारळ गेला की गाव उघडं पडतं.

---

धनगरवाडा

ताई, पक्षाचं चिन्ह गावच्या निवडणुकीत कशाला? आमच्याकडे ग्रामपंचायतीला अधिकृत चिन्ह नसतं, तरी पॅनल कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक. थेट सरपंचाचंही बघा, २०१७ ला आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं. सरकार बदललं की सरपंच निवडायची रीत बदलते. गावाला कोणी विचारत नाही. ग्वामला हे कसं?

---

सागरगोटा

धनगरवाडा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. गावच्या पदाला पक्ष नकोच असं म्हणणारे तिथेही आहेत. ऑगस्टच्या फेरीत मतदाराला एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा कराव्या लागतात, दोन्हीकडे केल्या तर मत बाद. म्हणजे एखाद्याला मेयरसाठी या पक्षाची बाई आवडते आणि सिनेटसाठी त्या पक्षाचा माणूस, तर ऑगस्टमध्ये त्याला एकाला सोडावं लागतं. लहान गावात हे जास्त टोचतं, कारण उमेदवार दोघंही नात्यातले असतात.

पण मुख्य मतदानात लोक पक्ष फारसा बघत नाहीत असं माझं निरीक्षण. घराणं बघतात, आणि आपल्या घरच्या मयताला कोण आलं होतं ते बघतात. आमच्या घरमालकीणबाई आयुष्यभर डेमोक्रॅट, मेयरसाठी मात्र रिपब्लिकन. का विचारलं तर म्हणाल्या, माझ्या आईच्या रोझरीच्या नऊही रात्री तो मागच्या बाकावर होता.

---

पाणंद

याला मी सावधपणेच घेईन. मयताला खुर्च्या पाठवणं आणि त्यावर मत मिळवणं, यातून पुढे उपकाराची भाषा सुरू होते. मांडव सरकारी पैशाचा, पुण्य उमेदवाराचं. जो विरोधात गेला त्याच्या दारी मांडव उशिरा येतो, हे मी आपल्याकडे पाहिलेलं आहे.

---

सागरगोटा

पाणंद, भीती खरी आहे आणि तिथेही लोक ती बोलून दाखवतात. तरी तिथला एक संदर्भ सांगते. चामोरो, म्हणजे ग्वामच्या मूळ लोकांत, 'चेन्चुले' नावाची रीत आहे. लग्न, बाळाचं नामकरण, मयत, अशा प्रसंगी घराला पैसे, तांदूळ, डुक्कर, काहीतरी द्यायचं. घरचे लोक ते नावानिशी लिहून ठेवतात आणि त्या घरी प्रसंग आला की फेडतात. आपली आहेराची वही आठवते ना, तीच. तिच्या मुळाशी 'इनाफा माओलेक' हा विचार आहे, एकमेकांचं नीट करून राहायचं. मेयरकडून अपेक्षा आहे ती या रीतीतून आलेली आहे. तो गावाच्या वतीने चेन्चुले देतो असं लोक धरतात. सरकारी पैसा आणि गावरीत यांची सरमिसळ तिथे आहे, हे मी नाकारत नाही. हिशेब चोख हवा, एवढं तुमच्यासारखंच मलाही वाटतं.

---

अटकमटक

याच द्वीपमालेतली आणखी एक गोष्ट. ग्वामच्या उत्तरेला नॉर्दर्न मारियाना, तोही अमेरिकेचा, पण वेगळा प्रदेश. मी सायपानला दोन वर्षं हॉटेलात काम केलं. तिथे चार मेयर आहेत. सायपान, तिनियान, रोता आणि चौथा उत्तरेकडच्या बेटांचा. त्या उत्तरेच्या बेटांपैकी पागानवर १५ मे १९८१ ला ज्वालामुखी उसळला आणि लोकांना तिथून हलवावं लागलं. बहुतेक परत जाऊ शकले नाहीत. २०१० च्या जनगणनेत त्या बेटांवर एकही माणूस नाही, २०२० मध्ये सात. पण मेयर आहे, निवडणूक होते, कार्यालय सायपानमध्ये. उठून आलेली कुटुंबं त्याला आपला मेयर मानतात. परत जाऊन वस्ती करायची, बोट कधी जाणार, धक्का कधी होणार, हे विचारायला त्यांना एक दार हवं असतं.

मला सुरुवातीला वाटलं हा खर्च वाया. मग एका म्हाताऱ्याशी बोललो. त्याने पागानच्या घराची जागा मला कागदावर काढून दाखवली, विहीर कुठे, चर्च कुठे. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे समजेल.

---

रानजाई

माझं आजोळ कोयनेत गेलं. समजलं.

---

सागरगोटा

अटकमटक, रानजाई, तुमच्या दोघांच्या प्रतिसादावर मला ग्वाममधलं सुमाय सांगायलाच हवं.

अप्रा बंदराच्या कडेला सुमाय नावाचं गाव होतं, बेटावरचं भरभराटीचं. १९०३ मध्ये तिथे पॅसिफिक पार करणारी तार आली, १९३५ पासून पॅन अमेरिकनची समुद्रावर उतरणारी विमानं थांबत. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी त्यावर बाँब टाकले. लोक पळाले. मग जपान्यांनी गाव ताब्यात घेतलं. १९४४ ला अमेरिका परत आली, लोकांना वाटलं आता घरी जायचं. पण नौदलाने ती जागा तळासाठी घेतली आणि गावकऱ्यांना डोंगरावर सांता रिताला बसवलं. आजही बेटाची चौथाईहून जास्त जमीन लष्कराकडे आहे.

सुमायचं कब्रस्तान तळाच्या कुंपणाच्या आत राहिलं. दरवर्षी एक दिवस 'बॅक टू सुमाय' म्हणून असतो. सांता रिताच्या मेयरचं कार्यालय आणि नौदल मिळून तो ठरवतात. फाटक उघडतं, माणसं आत जातात, थडगी साफ करतात, प्रार्थना होते, मोडक्या चर्चच्या जागी जेवणं होतात. संध्याकाळी परत बाहेर. एका वर्षी शेजारच्या कुटुंबासोबत आम्हीही जाऊ शकलो. अलीकडे गावाच्या अधिकृत नावातच सुमाय जोडलं, आता ते 'सांता रिता-सुमाय' आहे.

तांबडी_माती, तुम्ही विचारलं होतं, अधिकार नसलेलं पद नावाचंच नाही का. नौदलाच्या फाटकावर त्या मेयरला काही अधिकार नाही. पण त्या फाटकावर गावाच्या नावाने कोणीतरी उभं राहावं लागतं. ते तो करतो.

---

तांबडी_माती

हे वाचलं. मी 'फसवणूक' हा शब्द मागे घेतो. पैशाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम. फाटकावर उभा राहणाऱ्या माणसाला निदान गावचे रस्ते दुरुस्त करायला पुरेसा पैसा थेट मिळायला हवा, कोणापुढे हात न पसरता.

---

सागरगोटा

यावर आपण दोघंही एका बाजूला आहोत.

---

मोगरा_कल्याण

मला मतदानाबद्दल विचारायचं आहे. तुम्ही सहा वर्षं तिथे राहिलात, मत होतं का? आणि तुमच्यासारखे किती जण असतील तिथे?

---

सागरगोटा

मोगरा, नाही. आम्ही भारतीय नागरिक. त्याचं दुःख नाही, नियम ठाऊकच होता. पण तिथे आमच्याहून कितीतरी मोठा वर्ग आहे ज्याचा विचार मनातून जात नाही. मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटं या पॅसिफिकमधल्या स्वतंत्र देशांशी अमेरिकेचा १९८६ पासून करार आहे, पलाऊशी १९९४ पासून. त्यानुसार तिथले लोक ग्वाममध्ये विनाव्हिसा येऊन राहू शकतात, नोकरी करू शकतात, लष्करात भरती होऊ शकतात. मत देऊ शकत नाहीत. ग्वामच्या उत्तरेकडच्या गावांत मायक्रोनेशियातल्या 'चूक' (Chuuk) बेटांवरून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. काही वस्त्यांत पक्के रस्ते नाहीत, काही घरांत नळ नाही. माझ्या शिकवणीला चूकच्या दोन बहिणी यायच्या, घरून बादलीने पाणी आणून अंघोळ करून यायच्या.

त्या वस्तीतही मेयरची गाडी जाते, कचरा उचलते, वादळात पाणी देते. पण निवडणुकीच्या महिन्यात उमेदवार त्या गल्लीत वळत नाहीत, कारण तिथे मतं नाहीत. हे मी दोनदा पाहिलं, २०२० ला आणि परत यायच्या आधी. ग्वामचे लोक वॉशिंग्टनबद्दल जे म्हणतात, आमच्यावर राज्य करता आणि आम्हाला विचारत नाही, तेच त्या बहिणींची आई त्यांच्या गावाबद्दल म्हणू शकेल. ती म्हणत नाही. माझ्या चामोरो मैत्रिणीशी मी हे बोलले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, आमच्याच हाती फार थोडं आहे, ते वाटून द्यायची भीती वाटते. तिची भीतीही मला खोटी वाटली नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

मोगरा_कल्याण

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मुंबईत मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच. आमच्या नात्यातल्या मुंबईकरांच्या हाती मत होतं, द्यायला निवडणूक नव्हती. तेव्हा कोणाला फार जाणवलं नाही, आता हे वाचताना जाणवतंय.

---

धनगरवाडा

+१. धागा वाचनखुणेत ठेवला. ताई, मालेसोचं एकदा लिहा. युद्धात तिथल्या गावकऱ्यांनी स्वतःच उठाव केला होता असं वाचलंय.

---

सागरगोटा

हो, त्यावर सविस्तर लिहीन. जुलै १९४४ मध्ये तिंता आणि फाहा या दोन जागी जपानी सैनिकांनी मालेसोच्या ४६ जणांना मारलं. त्यानंतर अमेरिकी फौज तिथवर यायच्या आधीच गावकऱ्यांनी पहारेकऱ्यांवर उलटून स्वतःची सुटका केली. दरवर्षी जुलैमध्ये गाव त्या जागांवर जातं. तिथवरची पायवाट मोकळी करायला आदल्या दिवसांत मेयरची माणसं कोयते घेऊन जातात. एका परिच्छेदात मावणारी गोष्ट नाही ती.

---

शेवंता_नाशिक

ताई, धागा उशिरा पाहिला. माझ्या भाच्याला ग्वामला नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात बायको आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जातोय. त्याला तुमचा धागा पाठवला. गेल्या गेल्या काय करायचं?

---

सागरगोटा

शेवंताताई, अभिनंदन सांगा त्याला. घर घेताना मालकाला स्पष्ट विचारायला सांगा की हे कोणत्या गावात मोडतं. हद्दी रस्त्याच्या मधोमध जातात, समोरचं घर दुसऱ्या गावचं असू शकतं. जीगो हे नाव इंग्रजीत 'वाय'ने लिहितात, पाटी वाचताना गोंधळ होतो. मग भाडेकरार आणि सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन त्या गावच्या मेयरच्या कार्यालयात जायचं आणि शाळेसाठी दाखला मागायचा. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जावं. घरात लहान मूल आहे हे तिथे आवर्जून सांगायचं, वादळाच्या वेळी त्यांना ते माहीत असलेलं बरं. आणि गावची फिएस्ता कधी ते तिथेच विचारून घ्यायचं. बोलावलं नाही म्हणून घरी बसू नये, जायचं. रिकाम्या हाताने मात्र नाही. मी पहिल्या वर्षी नारळाच्या वड्या नेल्या होत्या.